धर्माच्या गाईचे दात

अपघातातून माणसे वाचली, जखमा भरत आल्या की घरासमोर उभ्या असलेल्या चेपलेल्या गाडीकडे लक्ष जाते. पुढची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली, स्टिअरिंगमधून एअरबॅग रिकाम्या पिशवीसारखी लोंबणारी, बॉनेटखालून गळलेल्या कूलंटचा डाग जमिनीवर सुकलेला. ती पुन्हा चालवायची इच्छा नसते, भंगारवाल्याला विकायला मन धजत नाही. मग कोणीतरी म्हणते, "देऊन टाकू एखाद्या संस्थेला. तेवढेच पुण्य." सगळ्यांना हायसे वाटते आणि चर्चा तिथे थांबते.

ती तिथे थांबू नये. मोडकी गाडी संस्थेला देणे हा सत्कर्माचा सोपा मार्ग आहे, हा समज उथळ आहे. अपघातातली गाडी ही देणी अंगावर असलेली वस्तू आहे. न्यायालयाचे, विमा कंपनीचे, बँकेचे, जखमी माणसाचे आणि उद्या रस्त्यावर तिच्यासमोर येणाऱ्या अनोळखी वाटसरूचे देणे तिच्यावर असते. ही देणी फेडून उरेल ते दान. ते बहुतेक वेळा पैशाच्या रूपानेच द्यायला हवे, चाकांच्या रूपाने नव्हे.

हा मुद्दा पाहायला चंडीगडच्या सेक्टर ४३ इतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. आंतरराज्य बसस्थानक आणि जिल्हा न्यायालयाचे संकुल याच सेक्टरमध्ये आहे. अपघातग्रस्तांच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण आणि जप्त वाहने मालकाच्या ताब्यात देण्याचे आदेश काढणारी न्यायालये या संकुलातलीच. चंडीगडच्या रस्त्यावर आपटलेल्या गाडीचा कागदोपत्री प्रवास अखेर इथे येतो.

पहिला प्रश्न: गाडी कोणाची?

दान करण्याआधी वस्तू आपली असावी लागते. अपघातात कोणी जखमी झाले आणि गुन्हा नोंदला गेला की गाडी मुद्देमाल होते. पोलीस ती ताब्यात घेतात, तिची यांत्रिक तपासणी होते, छायाचित्रे निघतात. ती सोडवण्यासाठी मालकाला न्यायालयात अर्ज करावा लागतो. मराठी मुलखात याला सुपूर्तनाम्यावर गाडी सोडवणे म्हणतात, चंडीगडकडे सुपुर्दारी. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, पंचनामा आणि छायाचित्रे करून बंधपत्रावर ती परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी गुजरातमधल्या एका प्रकरणात सांगितले. पूर्वी हा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ कलमाखाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४९७ कलम त्या जागी आले.

पण बंधपत्रावर मिळालेली गाडी म्हणजे मोकळी झालेली गाडी नव्हे. न्यायालय मागेल तेव्हा ती हजर करण्याची हमी मालकाने दिलेली असते. परवानगी न घेता ती संस्थेला देणे म्हणजे न्यायालयाला दिलेला शब्द मोडणे.

दुसरा हक्कदार विमा कंपनी. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाघोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की 'टोटल लॉस' धरला जातो. ही किंमत दरवर्षी उतरते: सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीला १५ टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यामुळे जुन्या गाडीला थोडा जास्त मार बसला तरी ती या रेषेपलीकडे जाते. भरपाई पूर्ण घेतली असेल तर सांगाडा, म्हणजे सॅल्व्हेज, कंपनीकडे जातो. सांगाडा ठेवून घ्यायचा असेल तर त्याची किंमत भरपाईतून वजा होते. पूर्ण रक्कम खिशात घालून वर सांगाडा आश्रमाला देणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

तिसरी बँक. कर्ज फिटेपर्यंत आरसीवर बँकेचा बोजा असतो आणि तो उतरल्याशिवाय गाडीचे काहीच करता येत नाही.

चौथा हक्कदार सगळ्यांत महत्त्वाचा, आणि दानाच्या चर्चेत नेमका त्याचाच विसर पडतो. विमा नसलेल्या गाडीने कोणाला जखमी केले किंवा मारले, आणि मालकाने भरपाईसाठी पुरेशी हमी दिली नाही, तर ती गाडी सोडू नये, तीन महिन्यांनी लिलावात विकावी आणि रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी, अशी तरतूद नियमांत करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१८ रोजी राज्यांना दिले. यामागचा विचार साधा आहे. गाडीच्या लोखंडावर पहिला हक्क तिच्याखाली आलेल्याचा. कायद्याने जे विमा नसलेल्या गाडीबाबत सांगितले, ते नीतीच्या दृष्टीने प्रत्येक गाडीला लागू पडते. समोरच्या सायकलवाल्याच्या पायाची शस्त्रक्रिया बाकी असताना गाडी तिसऱ्याच संस्थेला देऊन समाधान मिळवणे हे दान म्हणवत नाही.

दुसरा प्रश्न: कागदावर नाव कोणाचे राहते?

समजा, ही सगळी देणी फिटली आणि गाडी खरोखर मोकळी झाली. मग संस्थेचा माणूस येतो, टोइंगची गाडी आणतो, आभाराचे पत्र देतो. घरचे निश्चिंत होतात. पण परिवहन खात्याच्या नोंदीत मालकाचे नाव तसेच राहिलेले असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधली मालकाची व्याख्या रोखठोक आहे: ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले तो मालक. याचा अर्थ काय होतो, हे ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने स्पष्ट केले. एक मोटार जुलै २००७ मध्ये विकली गेली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्यानेही पुढे विकली. नोंद मात्र कोणी बदलली नाही. मे २००९ मध्ये त्या गाडीखाली एक मूल गेले. चंडीगडच्या पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने मूळ मालकाला जबाबदारीतून मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा, की भरपाई मागणाऱ्याने हस्तांतरांची साखळी शोधत हिंडावे अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. नोंदीत ज्याचे नाव, तो जबाबदार. गाडी विकून जवळपास दोन वर्षे झालेल्या माणसावर भरपाईचे ओझे आले.

विक्रीच्या जागी दान ठेवले तरी कायदा तोच. संस्थेने गाडी लिलावात काढली, घेणाऱ्याने ठाकठीक करून विना विमा रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर समन्स जाईल ते दानशूर कुटुंबाच्या पत्त्यावर.

चंडीगडमध्ये यात आणखी एक गाठ आहे. शहर केंद्रशासित, मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात. सेक्टर ४३ मधला माणूस थोड्याच अंतरावरच्या मोहालीतल्या संस्थेला गाडी देतो तेव्हा नोंदीच्या दृष्टीने गाडी परराज्यात जाते. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. परराज्यात जायचे तर सेक्टर १७ मधल्या नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. नंबर प्लेटवर CH ऐवजी PB येईपर्यंत किती संस्था पाठपुरावा करतील? सीमाभागातल्या मराठी माणसाला हे नवे नाही. बेळगाव आणि कोल्हापूरच्या गाड्यांची हीच कथा असते.

तिसरा प्रश्न: सतरा अक्षरे कोणाच्या हाती पडतात?

गाडी पूर्ण चेपली तरी एक वस्तू शाबूत राहते: चॅसिसवर ठोकलेला सतरा आकडे-अक्षरांचा क्रमांक. चोरांच्या बाजारात त्याची किंमत सांगाड्याहून मोठी असते. टोटल लॉस झालेली गाडी कागदपत्रांसह स्वस्तात घ्यायची, त्याच मॉडेलची आणि रंगाची गाडी चोरायची, चोरीच्या गाडीचा क्रमांक घासून त्यावर जुना क्रमांक ठोकायचा किंवा पत्र्याचा तेवढा तुकडाच वेल्डिंगने बसवायचा. चोरीची गाडी मग सभ्य कागदांवर विकली जाते. लखनौ पोलिसांनी २०२० मध्ये अशी मोठी टोळी पकडली, आणि हा धंदा एका शहरापुरता कधीच नव्हता.

अमेरिकेत एकदा निकामी ठरलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो दिसतो. आपल्या आरसीवर असा शिक्का नाही. मोडकी गाडी आणि तिचे जिवंत कागद एकत्र देणे म्हणजे घराची किल्ली पत्त्यासह रस्त्यावर ठेवणे. धर्मादाय संस्थेचा हेतू शुद्ध असतो, पण तिच्याकडून गाडी घेणाऱ्याची चौकशी करायला तिच्याकडे ना माणूस असतो ना सवड.

अमेरिकेतला अनुभव

गाडी दान करण्याची कल्पना आपल्याकडे बरीचशी अमेरिकेतून आली. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबे जुनी गाडी रेडिओ केंद्राला वा एखाद्या संस्थेला देतात, गाडी दारातून उचलली जाते, करसवलतीची पावती टपालाने येते. भारतात परतल्यावर तेच इथे करावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

पण तिथले आकडे बघावेत. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये यावर अहवाल दिला. २००० या करवर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार विवरणपत्रांत गाडीदानाची वजावट मागितली होती आणि त्यामुळे सरकारचा सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलरचा कर बुडाला. तपासनिसांनी ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा जवळजवळ दोन-तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत देणाऱ्याने वजावटीसाठी दाखवलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहून कमी रक्कम संस्थेच्या हाती पडल्याचे दिसले. बाकीची रक्कम उचलणारे, लिलाव करणारे, जाहिरात करणारे यांच्यात विरली होती, किंवा ती किंमतच मुळात फुगवलेली होती. २००४ मध्ये तिथे कायदा बदलला आणि ५०० डॉलरवरच्या वजावटीला संस्थेने गाडी प्रत्यक्ष जितक्याला विकली तितकीच मर्यादा आली.

म्हणजे ज्या देशात मालकीपत्रावर शिक्का आहे आणि तपास करणारी यंत्रणा आहे, तिथेही दान वाटेतच झिजत होते. आपल्याकडे तर करसवलतही नाही. ८०जी या नावाने ओळखीची असलेली सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे. वस्तू दिली तर वजावट शून्य, आणि पैसे रोख दिले तर दोन हजार रुपयांपर्यंतच. तांदूळ, कपडे, गाडी यांपैकी काहीही त्यात बसत नाही.

"काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे"

पहिला आक्षेप इथेच येतो. संस्थेला चार पैसे तरी मिळतात, ते का अडवायचे? धर्माची गाय आणि दात का गं नाय, असे विचारू नये म्हणतात.

या गाईचे दात मोजावेच लागतात, कारण तिला वाढवण्याचा खर्च घेणाऱ्यावर पडतो. टोइंग, जागा, कागदांसाठी खेटे. पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीतून इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि बॅटरीतले आम्ल जमिनीत जाते. बारा मुलांच्या वसतिगृहाच्या आवारात ही गोष्ट नको.

आता दुसरी वाट बघा. २३ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्राने वाहन मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम काढले. वयाने बाद झालेल्या गाड्यांइतक्याच अपघातात, आगीत, पुरात निकामी झालेल्या आणि मालकाने स्वतः भंगार म्हणून जाहीर केलेल्या गाड्याही तिथे जातात. गाडी चोरीची नाही ना, गुन्ह्यात अडकलेली नाही ना, हे तिथे तपासले जाते. चॅसिस क्रमांकाचा तुकडा कापून वेगळा ठेवतात, नोंदणी रद्द होते, मालकाला ठेवीचे प्रमाणपत्र मिळते. खासगी गाडीचा मालक त्या प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मागू शकतो. टाटा मोटर्सने चंडीगड भागातही असे केंद्र सुरू केले, त्यामुळे गाडी दिल्लीपर्यंत ओढत न्यायची गरज उरलेली नाही. मणीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये किंवा मुंबईत कुर्ल्याला सुटे भाग वेगळे करणारे हात कुशल आहेत, पण आरसी रद्द झाल्याचा कागद तिथे मिळत नाही.

सरकारने धोरण आणताना भंगार किमतीचा अंदाज नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के असा दिला होता. आठ लाखांच्या गाडीमागे हे ३२ ते ४८ हजार रुपये झाले. मालकाने ते स्वतः घ्यावेत आणि तेवढ्याच रकमेचा धनादेश संस्थेला द्यावा. संस्थेला पूर्ण रक्कम मिळते, टोइंगचा खर्च पडत नाही, पावती वजावटीला चालते, सतरा अक्षरे नष्ट होतात. एवढी सरळ वाट असताना गाडीच द्यायचा हट्ट असेल, तर त्या हट्टात गाडी डोळ्यांसमोरून हलवण्याची घाई अधिक आहे आणि संस्थेची काळजी कमी, असे म्हणावे लागते.

"दुरुस्त करून गरिबाला वापरता येईल"

हा आक्षेप ऐकायला सर्वांत माणुसकीचा आणि परिणामांत सर्वांत घातक. आधुनिक मोटारीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा अशाच रीतीने बनवलेला असतो. धडकेची शक्ती तो स्वतः गिळतो आणि माणसापर्यंत कमी पोहोचू देतो. हे काम तो एकदाच करतो. ठोकून सरळ केलेला पत्रा रंगवल्यावर नव्यासारखा दिसतो, पण दुसऱ्या धडकेत तसा वागत नाही. एअरबॅग एकदाच फुटते, आणि ती नव्याने बसवण्याचा खर्च इतका असतो की स्वस्तातल्या दुरुस्तीत तिच्या जागी नुसते झाकण लावले जाते.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्या रस्त्यांवर, आपल्या मुलांना ज्यात बसवायला आपण तयार नाही ती गाडी दुसऱ्याच्या मुलांसाठी देणे यात औदार्य कसे शोधायचे? कठोपनिषदाच्या सुरुवातीला वाजश्रवस यज्ञात सर्वस्व द्यायला बसतो आणि देतो काय, तर दूध आटलेल्या, विण्याची शक्ती संपलेल्या गाई. लहानग्या नचिकेत्याला ते बघवत नाही. बापाच्या दानातली खोट मुलाच्या डोळ्यांना दिसली, तिथून ती सगळी कथा सुरू होते. दानाची परीक्षा घेणाऱ्याच्या बाजूने करायची असते, हे आपल्या परंपरेने इतक्या आधी सांगून ठेवले आहे.

ज्या घरात माणूस गेला

या सगळ्या हिशेबापुढे एक आक्षेप उरतो आणि तो हिशेबाने सुटत नाही. गाडीत घरचे माणूस गेले. ती भंगारात घालणे म्हणजे त्याची शेवटची वस्तू तोडणे. कोणाच्या तरी उपयोगी पडली तर मरण अगदीच वाया गेले असे वाटणार नाही.

ही भावना खरी आहे, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिला योग्य वाट दाखवता येते. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने अन्नदान होते, शाळेत बक्षीस ठेवले जाते, पाणपोई बांधली जाते. त्याने शेवटच्या क्षणी ज्याला धरले होते ती वस्तू कोणी दान करत नाही. मग गाडीच्या बाबतीत वेगळे का वाटावे?

चंडीगडमध्ये या भावनेला फार नेमकी जागा आहे. अपघातग्रस्तांवर रोकडरहित उपचारांचा केंद्राचा प्रायोगिक कार्यक्रम १४ मार्च २०२४ रोजी याच शहरात सुरू झाला आणि मे २०२५ मध्ये देशभर योजना म्हणून अधिसूचित झाला. अपघातानंतर सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यात येतो. आठव्या दिवसाचा त्यात नाही. पीजीआय किंवा सेक्टर ३२ च्या सरकारी रुग्णालयातून घरी जाणाऱ्या मजुराला पुढे लागतात कुबड्या, फिजिओथेरपी, तपासणीसाठी गावाहून येण्याचे भाडे आणि बुडालेली रोजी. पस्तीस-चाळीस हजार रुपयांत अशा एका माणसाचे काही महिने निभावतात. गेलेल्याच्या नावाने द्यायचे तर आठव्या दिवसाचा हा माणूस समोर आहे.

अंगाने देता येते ते

गाडी वस्तुरूपात देणे नेहमीच चूक, असा दावा इथे नाही. एक वापर निखळ चांगला आहे: ज्यात गाडी पुन्हा कधी रस्त्यावर येणार नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना आजच्या गाड्यांची इंजिने, गिअरबॉक्स, सेन्सर हाताळायला मिळणे फार मोलाचे असते. मागून धडक बसलेल्या गाडीचे इंजिन बहुधा धड असते. ते उभे कापून स्टँडवर लावले, तर पिस्टनची हालचाल मुलाला पाठ करावी लागत नाही, दिसते. अग्निशमन दलाच्या जवानांना हायड्रॉलिक कटरने छत कापून माणूस बाहेर काढण्याचा सराव खऱ्या गाडीवरच करता येतो. मात्र क्रम चुकता कामा नये: आधी न्यायालयाची मोकळीक, मग विमा आणि बँक, मग कायद्याच्या ५५ व्या कलमाखाली नोंदणी रद्द, मग गाडीचा देह.

सेक्टर ४३ मध्येच करता येण्याजोगे

माणसे चुकीचे दान करतात ते बहुधा दुःखाच्या घाईत, कारण योग्य वाट कोणी त्यांच्या हाताशी ठेवलेली नसते. ती ठेवता येईल. सुपुर्दारीचा अर्ज करायला प्रत्येक मालक न्यायालयाच्या दारात येतोच. बाहेर टंकलेखकांच्या टेबलांवर प्रतिज्ञापत्रे होतात, आरसी आणि विम्याच्या झेरॉक्स निघतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासारखी, पीडितांच्या भरपाईचे काम पाहणारी यंत्रणाही याच व्यवस्थेचा भाग आहे. खटला संपल्यावर गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढायला मालकाची संमती आणि भंगाराची रक्कम त्याच अपघातातल्या जखमीला किंवा रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीला वळती करण्याची मुभा, एवढ्या दोन ओळी अर्जासोबतच्या कागदावर छापता येतील. सक्ती नको, खूण करायची चौकट पुरे. मोडीत काढणाऱ्या केंद्राला मालकाचा बँक खाते क्रमांक द्यावाच लागतो. त्याच्या शेजारी दुसऱ्या खात्याची जागा ठेवणे अवघड नाही.

यावर एक रास्त शंका निघेल: जखमीला पैसे दिले तर ते दोष कबूल केल्यासारखे होईल, आणि दाव्यात त्याचा वापर होईल. म्हणूनच ही रक्कम मालकाने परस्पर देऊ नये, प्राधिकरणामार्फत जावी, आणि ती कबुली मानली जाणार नाही हे कागदावरच छापलेले असावे. दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत असते आणि निकालाला त्याहून बराच वेळ लागतो. कुबड्यांची गरज मात्र रुग्णालयातून सुटल्याच्या दिवशीच असते.